प्रभारी सरपंचांचं मानपत्र

पाटोदा तालुक्यात कुणाचाही सत्कार असला की मानपत्र लिहायला माणूस माझ्याकडे यायचा. अक्षर चांगलं, आणि माईकसमोर आवाज कापत नाही, एवढंच माझं भांडवल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सरपंच, पंचायत समितीचे सदस्य, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांची मानपत्रं मी लिहिली आणि स्टेजवर उभी राहून वाचली. ‘आपण विकासाची गंगा दारोदारी नेलीत’ हे वाक्य मी किती जणांना दिलं असेल, आठवत नाही. त्यातल्या काहींच्या गावात उन्हाळाभर टँकर यायचा. मला त्याचं काही वाटत नसे. लग्नात नवरदेवाला राजबिंडा म्हणायचं असतं, तसंच हे, असं मी धरून चालले होते.

मग मी एक खरं मानपत्र लिहिलं. त्यातलं वाक्य न् वाक्य खरं होतं. फक्त ज्या माणसाला ते दिलं तो माणूस खोटा होता, आणि लिहितानाच मला हे माहीत होतं.

माझी शाळा डोंगराच्या उतारावरच्या एका गावात आहे. दिवाळी झाली की मारुतीच्या देवळासमोर ट्रक लागतात. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते भरून ट्रक ऊसतोडीसाठी पश्चिमेकडे साखर कारखान्यांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. त्यांच्याबरोबर लेकरंही जातात. दिवाळीच्या सुट्टीआधी ज्या वर्गात बाकावर तिघं-तिघं बसतात, त्या वर्गात सुट्टीनंतर मी दहा-बारा लेकरांना शिकवते. बाकीची फडावर धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी आणतात.

त्या मानपत्राच्या आदल्या वर्षी सरपंचपद मागास प्रवर्गासाठी आरक्षित निघालं, आणि तेही बाईसाठी. गावातल्या पुढाऱ्यांनी हिशेबानं एक बाई उभी केली. तिशी ओलांडलेली, चौथीपर्यंत शिकलेली, लग्न झाल्यापासून दरवर्षी ऊस तोडायला जाणारी. ती सांगू तिथं सही करील, असा त्यांचा अंदाज होता. निवडून आल्यावर पंधरा दिवसांतच ती शाळेत आली. तिला खुर्ची दिली तर ती वऱ्हांड्याच्या पायरीवरच बसली.

“बाई, दिवाळीनंतर किती लेकरं ऱ्हात्यात?”

मी सांगितलं.

“आन् जाणाऱ्यांतली परत आल्यावर किती शिकत्यात?”

मी म्हटलं, “नावं पटावर असतात, ताई. लेकरं नसतात.”

ती म्हणाली, “माझं बी नाव असंच असंल कुठंतरी पटावर. चौथीतून गेलते मी.”

मागं राहिलेल्या लेकरांना गावातच ठेवून दोन वेळचं जेवण द्यायची, हंगामी वसतिगृहाची योजना सरकारची होतीच. आमच्या गावाचा प्रस्ताव कुणी पाठवलाच नव्हता. ती म्हणाली, तुम्ही लिहा, मी घेऊन जाते. मी लिहिला. एका सोमवारी आम्ही दोघी एसटीनं बीडला गेलो. ऑफिसात टेबलापलीकडच्या माणसानं कागद चाळले आणि मान वर न करता विचारलं, “सरपंच कुठायत?”

“मीच हाय.”

“तसं नाही हो. साहेब कुठायत?”

“साहेब शेरडं चारायला गेल्यात,” ती म्हणाली. “सरपंच मी हाय.”

मला हसू आलं, तिला आलं नाही. त्यानंतर ती तीनदा एकटीच बीडला जाऊन आली.

श्रावणापासूनच ती दारोदार फिरायला लागली. तुमी जा, लेकरं ठेवून जा, एवढंच तिचं म्हणणं. म्हाताऱ्या तयार होत नव्हत्या; त्यांना स्वतःचंच होत नव्हतं. आई-बाप तयार होत नव्हते, कारण फडावर तान्हं कुणी धरायचं? ती प्रत्येकाच्या दारात बसायची. “मी बी तान्ह्याला बांधावर झोपवून ऊस तोडलाय,” म्हणायची. “मला नगा सांगू.” दिवाळीपर्यंत बत्तीस लेकरांची यादी झाली. प्रस्तावातही मी बत्तीसच लिहिली.

ट्रक लागले त्या सकाळी मी देवळापाशी होते. यादीतली एक मुलगी, सातवीतली, गणितात फार हुशार, ट्रकमध्ये चढलेली दिसली. बापाचं ऐन वेळी मन फिरलं होतं. सरपंचबाई चाकावर पाय देऊन वर चढली, पोरीचं गाठोडं उचललं, खाली उतरली आणि ते काखेत मारून आपल्या घराकडे चालू लागली. बाप मागं धावला.

“अगं ए, गाठोडं दे! ट्रक सुटंल!”

“सुटू दे की. गाठोडं माझ्या घरी ऱ्हाणार हाय. पोरगी त्याच्या मागं येती का तुमच्या, ती ठरवंल.”

मुकादम शिव्या द्यायला लागला. बाप रस्त्यात उभा, एकदा ट्रककडे बघे, एकदा तिच्या पाठीकडे. मुलगी ट्रकमधून उतरली आणि गाठोड्याच्या मागं गेली. बाप रडत ट्रकमध्ये चढला. तो वाईट माणूस नव्हता.

मंजुरी यायला महिना लागला. तोवर ती आणि तिची सासू घरीच चुलीवर भाकरी भाजून लेकरांना घालत होत्या. त्या वर्षी तिचा नवरा एकटाच तोडीला गेला, अर्धा कोयता म्हणून. संक्रांतीच्या सुमाराला लेकरं आयांच्या आठवणीनं रडायला लागली तेव्हा तिनं एक टेम्पो ठरवला आणि सगळ्यांना कपिलधारला नेलं. मीही गेले होते. धबधब्याची धार हडकली होती, करंगळीएवढी पडत होती. तरी लेकरांनी तिच्याखाली डोकी घातली, थंडीनं कुडकुडली, आणि देवळाच्या पायऱ्यांवर बसून तिळाच्या पोळ्या खाल्ल्या. त्या हंगामात माझ्या वर्गात लेकरं होती. फळ्याकडे पाठ करून वळले की समोर माणसं दिसायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे पहिल्यांदाच मिळालं.

आरक्षित जागेवर निवडून आलेल्याला ठरलेल्या मुदतीत जातीच्या पडताळणीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तिनं अर्ज वेळेत केला होता. तिला सांगण्यात आलं, वडिलांचा नाही तर आजोबांचा शाळेचा दाखला आणा. तिचं माहेर दिंद्रुडच्या बाजूला. आम्ही दोघी तिथल्या शाळेत गेलो. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी कपाटातली जुनी रजिस्टरं काढून दिली. आम्ही दुपारभर पानं उलटली. तिच्या वडिलांचं नाव कुठंच नव्हतं. घरी जाऊन म्हाताऱ्याला विचारलं तर तो ओट्यावर बसून आमच्याकडे नवलानं बघायला लागला.

“शाळंत? शाळंत कवा गेलतो मी? मी तर मायबापासंगं कारखान्यावर गेलतो. मला शाळंत घालायला कोण होतं गावात?”

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी दुसरे कोणते कागद चालतील त्याची यादी करत होते.

दुसरे कागद गोळा करून तिनं दिले, पण तोवर मुदत उलटली होती. तक्रार झाली. तक्रार करणारा उपसरपंचांचा चुलतभाऊ. शाळा उघडायच्या दिवसांत आदेश आला, तिचं पद गेलं. उपसरपंच प्रभारी सरपंच झाले. ती मला एवढंच म्हणाली, “शिक्का न्यायला आले तवा माझे हात पिठाचे व्हते. म्हणलं, त्या फळीवर हाय, घ्या तुमच्या हातानं.”

गणपती झाल्यावर एक दिवस मधल्या सुट्टीत प्रभारी सरपंच शाळेत आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात मिठाईचा पुडा.

“म्याडम, पेढा घ्या. आपलं सिलेक्शन झालं.”

“कशासाठी?”

“उत्कृष्ट समाजकार्य. एक संस्था हाय, जिल्ह्यातल्या निवडक सरपंचांचा सत्कार करती. पाटोद्यात कार्यक्रम. मानपत्राचा मजकूर ज्याचा त्यानं द्यायचा म्हणले. मी म्हणलं, आमच्या गावात म्याडम असताना आमाला काय कमी!”

मी विचारलं, “काय लिहू?”

“ते ऊसतोडीच्या लेकरांचं लिहा की. लई चालतंय ते सध्या.”

“ते ताईंनी केलं.”

ते हसले. राग नव्हता त्या हसण्यात. मला समजावून सांगत असल्यासारखे हसले. “म्याडम, माणूस येतो न् जातो. काम ग्रामपंचायतीनं केलं. आन् ग्रामपंचायत म्हणजे आज कोण?” मग वर बघून म्हणाले, “तुमच्या या दोन खोल्यांचे पत्रे गळत्यात ना? घेऊ या औंदा ठरावात.”

मी त्या पत्र्यांसाठी लिहिलं, असं पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. पत्र्यांचा विचार मी फार तर त्यांची मोटारसायकल फाटकाबाहेर जाईपर्यंत केला असेल. मी लिहिलं कारण मला नाही म्हणायची सवय नव्हती. मला बोलावतात, स्टेजवर माझं नाव घेतात, मंडळी ‘म्याडम, म्याडम’ करतात, हे मला आवडत होतं. आणि एक गोष्ट अजून वाईट: लिहायला बसले तेव्हा मला लिहायची गोडी लागली. इतकी वर्षं हवेतली वाक्यं लिहिली होती. आता हाताशी खरं काही होतं. दारोदार फिरणं, चुलीवरच्या भाकरी, ट्रकमधून उतरवलेलं गाठोडं. माझ्या हातून इतकं चांगलं मानपत्र कधी उतरलं नव्हतं. सगळं लिहून झाल्यावर वर मोकळी ठेवलेली जागा होती, तिथं मी प्रभारी सरपंचांचं नाव घातलं. तेही सुबक अक्षरात.

तिला सांगायचं मी टाळलं. त्या आठवड्यात दोनदा ती रस्त्यात भेटली. दोन्ही वेळा मी घाईत असल्याचं दाखवलं.

कार्यक्रम पाटोद्यात एका मंगल कार्यालयात होता. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला. फेटे बांधून बसलेले सरपंच घामाघूम होऊन एकमेकांचे फोटो काढत होते. प्रत्येक गावातून खुर्च्या भरायला माणसं आणली होती. आमच्या गावातून टेम्पो भरून बाया आल्या. मी माईक तपासत होते. बाया आत आल्या आणि त्यांच्यात ती दिसली. नवं लुगडं, चापूनचोपून विंचरलेले केस. शेजारी ती गाठोड्यावाली मुलगी, आता आठवीत. दोघी मधल्या रांगेत बसल्या.

ती का आली ते मला नंतर बायांकडून कळलं. प्रभारी सरपंचांनी गावात सांगितलं होतं, आपल्या लेकरांच्या वसतिगृहाच्या कामाचा सत्कार आहे, सगळ्यांनी यायचं. बायांनी आपापलं ताडलं की तिलाही स्टेजवर बोलावणार. ती नको म्हणत होती. बायांनीच तिला लुगडं नेसवून आणलं.

आमच्या गावाचा नंबर आला. प्रभारी सरपंच स्टेजवर येऊन हात जोडून उभे राहिले. मी वाचायला सुरुवात केली. आवाज कापला नाही. “दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या आपल्या गावात आपण दारोदार फिरलात. मंजुरीची वाट न पाहता आपल्या घरची चूल या बत्तीस लेकरांसाठी पेटवलीत. ट्रकमध्ये चढलेल्या लेकीचं गाठोडं आपण स्वतःच्या हातानं उतरवून घेतलंत...” या वाक्यावर टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मान डोलावली. आमच्या गावच्या बायांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या एकदम वळून तिच्याकडे बघायला लागल्या. तिनं आधी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग मान वर करून ती माझ्याकडे बघत राहिली. प्रभारी सरपंचांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. कागद खाली ठेवावा, असं मला वाटलं का? वाटलं. मी पुढचा परिच्छेद वाचला. मग शाल, श्रीफळ, फोटो.

जेवणाच्या पंगतीत ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही मला चार बायांत झाडणार. मी तशी वाटच बघत होते.

“बाई, वाचलं चांगलं,” ती म्हणाली. “एक चुकलं. बत्तीस न्हवती. एकतीस.”

“यादीत बत्तीस होती, ताई.”

“यादीत व्हती. तो दुसरीतला आठ दिवसांनी गेला की. तापला व्हता, माय माय करत व्हता. बाप येऊन घेऊन गेला. मला न्हाई ठेवता आलं त्याला.” तिनं ताट उचललं. “त्यो परत आलाच न्हाई शाळंत. बत्तीस म्हणू नगा.”

एवढं बोलून ती बायांच्या पंगतीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात मी गणितं घातली. ती मुलगी सगळ्यात आधी वही घेऊन टेबलाशी आली. मी तपासत असताना हळूच म्हणाली, “बाई, तुमी खोटं कावून वाचलं?”

“ते लिहून दिलेलं असतं,” मी म्हटलं. “आपण नुसतं वाचायचं असतं.”

तिनं वही घेतली. माझं अक्षर ती पहिलीपासून ओळखत होती, आणि मानपत्र काचेच्या फ्रेममध्ये ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं होतं. तिनं ते पाहिलं असणारच. त्या दिवसापासून वही दाखवायला ती स्वतःहून यायची बंद झाली. मागितली की आणून द्यायची.

त्या आठवड्यात मी संस्थेला पत्र लिहिलं. काम कुणी केलं, पद कसं गेलं, मजकूर कुणी लिहिला, सगळं लिहिलं. पाटोद्याच्या पोस्टात जाऊन टाकलं. महिन्याभरानं संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा फोन आला. पुढच्या वर्षीचं सूत्रसंचालनही तुम्हीच करायचं, म्हणाले.

मी विचारलं, “माझं पत्र मिळालं का?”

“मिळालं की! फार सुंदर लिहिता तुम्ही, म्याडम.”

मी फोन ठेवला. दुसरं पत्र लिहिलं नाही.

दिवाळी जवळ आली. नवा प्रस्ताव पाठवायला प्रभारी सरपंचांची सही हवी होती. तेव्हा त्यांचे गावोगाव सत्कार चालले होते. एका पुरस्कारामुळं दुसरा मिळत होता. मी फाइल तीनदा नेली. “ठेवा, बघतो,” म्हणाले. फाइल तिथंच राहिली. माजी सरपंचबाई दोनदा येऊन विचारून गेली, “औंदा कागद गेला का?” मी फाइल कुठं आहे ते सांगितलं. मग ती स्वतःच पुन्हा दारोदार फिरली. लोक तिला चहा देत होते, पण गेल्या वर्षी जेवण सरकारचं होतं, यंदा कुणाचं? एकानं तोंडावर विचारलं, “ताई, तू आता कोण लागून गेलीस?” ती चहाचा कप खाली ठेवून पुढच्या दारी गेली.

तिचा नवरा दुसऱ्या वर्षी अर्धा कोयता म्हणून जायला तयार नव्हता; मुकादमही घेत नव्हता. ती गेली. ट्रक लागले त्या सकाळी मी शाळेच्या फाटकातूनच बघितलं, देवळापाशी गेले नाही. ती मागं भांड्यांच्या पोत्यांवर बसली होती. पुढच्या ट्रकमध्ये माझ्या शाळेतली लेकरं होती. ती गाठोड्यावाली मुलगी तेवढी राहिली. सासूला सांगून तिनं तिला आपल्या घरी ठेवलं होतं.

पाडव्यानंतर ते परत आले. मी आठ दिवस मनाची तयारी केली आणि एका दुपारी तिच्या घरी गेले. ती वाळवणावर बसलेल्या कोंबड्या हाकत होती. रंग उन्हानं काळवंडला होता, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. ताई, माझं चुकलं. मी लिहायला नको होतं, वाचायला नको होतं. मला माफ करा.

तिनं ऐकून घेतलं. खाली बसायला पोतं टाकलं.

“बाई, तुमी हितं माझ्या दारात येऊन म्हणालात. हितं कोण हाय ऐकायला? म्या अन् कोंबड्या.” तिच्या आवाजात राग नव्हता, एखादी गोष्ट कशी करायची असते ते सांगावं तसं ती बोलत होती. “तिथं माईक व्हता तुमच्या हातात.”

मग सासूला हाक मारून तिनं चहा ठेवायला सांगितला. आम्ही दोघींनी तो घेतला. तिनं घरी ठेवलेल्या त्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, मी मार्क सांगितले. घंटा व्हायची वेळ झाली होती. मी उठले आणि शाळेत परत आले.